लूथरन सेमिनरीचे प्राचार्यपद पहिल्यांदा स्वीकारताना

कालपर्यंत तुम्ही वर्गात रोमकरांस पत्र शिकवत होता. आज किल्ल्यांचा जुडगा तुमच्या टेबलावर आहे. मेसचा हिशेब घेऊन वॉर्डन दाराशी उभे आहेत, वसतिगृहाची टाकी गळते आहे आणि बिशपांच्या कार्यालयातून दोनदा फोन येऊन गेला आहे. अशा पहिल्या आठवड्यातच वाटू लागते की प्राचार्य म्हणजे इमारतीचा आणि फायलींचा राखणदार. हा समज मुरण्याआधी काही गोष्टी सांगाव्यात म्हणून लिहितो आहे. लूथरन सेमिनरीत, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतल्या चर्चचे पाळक घडवणाऱ्या संस्थेत, बरीच वर्षे शिकवताना आणि काही काळ ती खुर्ची सांभाळताना जे हाती लागले, ते क्रमाने मांडतो.

महाराष्ट्रात लूथरन मंडळ्या, म्हणजे एकेका ठिकाणच्या चर्चमध्ये जमणारे लोकसमूह, थोड्या आहेत. या चर्चची मोठी घरे तमिळनाडू, आंध्र, झारखंड, ओडिशा, आसाम आणि विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाड्याकडे आहेत. पण पाळक घडवण्याचे काम सगळ्या पंथांत बरेचसे सारखेच असते. त्यामुळे पुण्यातल्या किंवा नगरच्या वाचकालाही यातले पुष्कळ कामी येईल.

आधी मंडळ्या पाहा

रुजू झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत निदान दहा मंडळ्यांत जा. शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये कमी आणि आडगावच्या, महिन्यातून एकदाच पाळक पोहोचतो अशा ठिकाणी जास्त. मुक्काम करा. शक्य असेल तिथे संदेश देण्याचे आमंत्रण नम्रपणे नाकारा आणि मागच्या बाकावर बसून ऐका.

हा सल्ला माझा नाही, लूथरन परंपरेच्या मुळाशीच तो आहे. १५१७ मध्ये विटेनबर्गला पंच्याण्णव प्रबंध लिहिणारा मार्टिन ल्यूथर दहा-अकरा वर्षांनी सॅक्सनीच्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांच्या पाहणीला निघाला. तिथे जे दिसले त्याने तो हादरला. लोकांना ख्रिस्ती विश्वासाची मूळ तत्त्वे माहीत नव्हती आणि पुष्कळ पाळक शिकवायला असमर्थ होते. त्या दुःखातून १५२९ मध्ये त्याची लहान प्रश्नोत्तरावली आली: दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, घरातल्या बापाने मुलांना समजावून सांगावे इतक्या सोप्या भाषेत. विद्यापीठातल्या प्राध्यापकाने लिहिलेले हे पुस्तक खेड्यातली वणवण झाली नसती तर झालेच नसते. सेमिनरीचा अभ्यासक्रमही याच वाटेने यावा असे माझे ठाम मत आहे.

मंडळीत गेल्यावर तीन प्रश्न विचारा. तुमच्या घरात शेवटचे मरण झाले तेव्हा पाळक कधी पोहोचले? मागच्या रविवारच्या संदेशातले काय आठवते? तुमच्या मुलांना प्रश्नोत्तरावली कोण शिकवते? उत्तरे वहीत लिहा, माणसांची नावे लिहू नका. ही वही पुढची पाच वर्षे तुमच्या टेबलावर राहू द्या. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना लोक गप्प होतात, ती शांतता कशाची आहे हेही लिहून ठेवा.

कागद वाचायचे, पण कागदात बुडायचे नाही

परत आल्यावर तीन फायली स्वतः, पहिल्या पानापासून वाचा. कारकुनाच्या तोंडून ऐकलेला सारांश पुरत नाही.

पहिली, सेमिनरीची घटना आणि नियामक मंडळाचे ठराव. सेमिनरी चर्चची आहे, प्राचार्याची नाही. कोणता निर्णय तुमचा, कोणता मंडळाचा आणि कोणता चर्च कौन्सिलचा, हे लेखी कुठे आहे ते शोधा. पहिल्या वर्षातली निम्मी भांडणे ही रेषा धूसर असल्याने होतात.

दुसरी, संलग्नतेची. भारतातल्या बहुतेक मुख्य प्रोटेस्टंट सेमिनऱ्या बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटशी जोडलेल्या आहेत. कॉलेज १८१८ मध्ये कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी स्थापले. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदवी देण्याची सनद दिली, कारण सेरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) या पदवीचा अभ्यासक्रम, परीक्षा, अध्यापकांची किमान पात्रता, ग्रंथालयाची अपेक्षा, हे सारे तिथून ठरते. चेन्नईच्या किल्पॉकमधले गुरुकुल लूथरन ईश्वरविज्ञान महाविद्यालयही याच व्यवस्थेत आहे. सिनेटच्या तारखा भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा, म्हणजे त्या डोक्यात ठेवाव्या लागत नाहीत.

तिसरी, पैशांची. जर्मनी, स्वीडन किंवा अमेरिकेतल्या सहकारी चर्चकडून मदत येत असेल, तर परकीय योगदान नियमन कायदा २०१० नीट समजून घ्या. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा पहिल्यांदा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. तो दुसऱ्या संस्थेला वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे. नोंदणीचे नूतनीकरण पाच वर्षांनी होते. एक जाणता सनदी लेखापाल धरा आणि त्याच्या फीमध्ये काटकसर करू नका. परदेशी मदतीवर पगार आणि देशी देणग्यांवर समारंभ, अशी सवय जिथे लागली आहे तिथे ती हळूहळू उलटी करा. मंडळ्यांच्या हंगामाच्या अर्पणातून आलेली तांदळाची पोती सेमिनरीला कितीतरी घट्ट धरून ठेवतात.

याच फायलींत आणखी एक पाहा. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. आपण देवाचे काम करतो, आपल्याकडे असे होत नाही, हे वाक्य कुणाच्या तोंडून आले तर समिती त्याच आठवड्यात नेमा.

प्रवेश: पाचारण ओळखायचे कसे

मुलाखतीला आलेला प्रत्येक मुलगा सांगतो, "मला देवाने बोलावले आहे." त्याच्यावर अविश्वास दाखवू नका, पण तेवढ्यावर थांबूही नका. लूथरन चर्चचा पायाभूत लेख म्हणजे १५३० चा ऑग्सबर्ग विश्वासांगीकार. त्याचे चौदावे कलम सांगते की रीतसर पाचारण झाल्याशिवाय कोणी चर्चमध्ये जाहीरपणे शिकवू नये किंवा संस्कार देऊ नयेत. म्हणजे लूथरन समजुतीत पाचारणाचे दोन आवाज असतात, एक अंतःकरणातला आणि दुसरा मंडळीचा. दुसरा आवाज ऐकण्यासाठी बिशपांचे शिफारसपत्र पुरत नाही. उमेदवाराच्या मंडळीतल्या दोन वडिलांशी आणि एका बाईशी, शक्यतो संडे स्कूल चालवणाऱ्या बाईंशी, फोनवर बोला. पोरगा लहान मुलांशी कसा वागतो हे त्यांना पक्के ठाऊक असते.

मुलाखतीत एक प्रश्न मी नेहमी विचारत असे: "तू पाळक झाला नाहीस, तर देवाची सेवा कशी करशील?" ज्याला याचे उत्तर सुचत नाही, त्याच्याशी आणखी बोलावे लागते. ल्यूथरच्या शिकवणीत चांभाराचे आणि सुईणीचे कामही देवाचे पाचारणच आहे, आणि बाप्तिस्मा झालेला प्रत्येकजण याजक आहे. पाळक ही वरची पायरी नाही, ते एक नेमून दिलेले काम आहे. हे ज्याला उमगले तो पुढे मंडळीवर सत्ता गाजवत नाही.

पाळकांच्या मुलांकडे जरा जास्त लक्ष द्या. काही जण बापाचे कष्ट पाहून खऱ्या ओढीने येतात, काही क्वार्टर सुटू नये म्हणून पाठवलेले असतात. दुसऱ्या प्रकारच्या मुलाला प्रेमाने दुसरी वाट दाखवणे हीसुद्धा सेवाच.

भारतातल्या लूथरन मंडळ्यांतले बहुसंख्य लोक दलित आणि आदिवासी आहेत. आंध्रच्या डेल्टातले, छोटा नागपूरचे मुंडा आणि उरांव, ओडिशातल्या जयपूर भागातले. इंग्रजी कच्चे असलेला पण गावाचा भरवसा मिळवलेला उमेदवार केवळ गुणपत्रिकेवरून नाकारू नका. त्यासाठी पहिल्या वर्षाआधी तीन महिन्यांचा भाषावर्ग लावा. हा खर्च वाया गेलेला मी एकदाही पाहिला नाही.

दिवसाचे वेळापत्रक हाच खरा अभ्यासक्रम

१५३९ मध्ये ल्यूथरने ईश्वरविज्ञानाचा अभ्यासक कसा घडतो याच्या तीन गोष्टी सांगितल्या. स्तोत्र ११९ वाचता वाचता त्याला त्या सापडल्या होत्या: प्रार्थना, मनन आणि कसोटी. या तिघांना सेमिनरीच्या रोजच्या जगण्यात जागा देणे हे प्राचार्याचे रोजचे काम आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे.

प्रार्थनेची जागा सकाळच्या चॅपलमध्ये. हजेरीपट लावून चॅपल भरते, पण प्रार्थना होत नाही. त्यापेक्षा तुम्ही स्वतः रोज तिथे बसा, दौऱ्यावर नसाल त्या प्रत्येक दिवशी, आणि पहिल्या रांगेत नव्हे तर विद्यार्थ्यांमध्ये. दोन महिन्यांत फरक दिसतो. आठवड्यातला एक दिवस स्वयंपाकघरातल्या मावशी आणि माळीकाका यांच्यासाठी प्रार्थना त्यांच्या सोयीच्या वेळी ठेवा. पाळक होणाऱ्याला ज्यांच्या हातचे तो जेवतो त्यांच्याबरोबर गुडघे टेकता आले पाहिजेत.

मननासाठी मोकळा वेळ हवा. आपल्याकडे वेळापत्रक भरलेले असले की सेमिनरी चांगली चालली आहे असे समजतात. रोज एक तास असा ठेवा, ज्यात वर्ग नाही, श्रमदान नाही, मोबाइल वॉर्डनकडे. विद्यार्थ्याने एकच उतारा घ्यायचा आणि मोठ्याने, पुन्हा पुन्हा वाचायचा. ल्यूथर मनन म्हणायचा ते हेच होते, ओठांनी आणि कानांनी केलेले वाचन. वारकऱ्यांचे नामस्मरण किंवा पाठांतराने ओव्या सांभाळणारी आजी ज्याने घरात पाहिली आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कसोटी वेळापत्रकात मांडता येत नाही. ती येते: घरून वाईट बातमी, परीक्षेत नापास होणे, विश्वासच ढासळल्यासारखे वाटणे, मित्राने केलेला दगा. तुमचे काम एवढेच की अशा वेळी विद्यार्थ्याला दार ठोठावता यावे. इथे एक नियम पाळा. जो माणूस गुण देतो किंवा काढून टाकण्याचा ठराव मांडतो, त्याच्याकडे विद्यार्थ्याने पापांगीकार करायला, म्हणजे आपली पापे कबूल करायला, येऊ नये. ऑग्सबर्गच्या अकराव्या कलमाने खाजगी पापांगीकार चर्चमध्ये राखून ठेवला आहे. तो आपल्या सेमिनरीत जिवंत राहायचा असेल तर बाहेरचा, वयाने वडील, निवृत्त पाळक त्यासाठी नेमा. त्याने ऐकलेले तुम्ही कधीही विचारायचे नाही. आणि तुमच्यासाठीही असा एक पाळक शोधून ठेवा.

शिकवायचे काय

ग्रीक आणि हिब्रू सिनेटच्या नियमाप्रमाणे होईलच. त्याशिवाय मी तीन गोष्टींवर हट्ट धरला.

लहान प्रश्नोत्तरावली तोंडपाठ, विद्यार्थ्याच्या मातृभाषेत. चौथ्या वर्षी नाही, पहिल्याच सत्रात.

नियमशास्त्र आणि सुवार्ता यांतला भेद. लूथरन उपदेशाचा हा कणा आहे. नियमशास्त्र माणसाला त्याचे पाप दाखवते, सुवार्ता त्याला ख्रिस्ताची कृपा देते. दोन्ही देवाचेच शब्द, पण दोन्हींची सरमिसळ झाली की संदेश एकतर धमकी होतो नाहीतर पोकळ धीर. हा भेद व्याख्यानाने कळत नाही, तो संदेशाच्या वर्गात कळतो.

म्हणून तिसरी गोष्ट, संदेशाचा वर्ग. तो असा चालवा. दर आठवड्याला दोनच विद्यार्थी, प्रत्येकी बारा मिनिटे, मातृभाषेत. ज्यांना ती भाषा येत नाही त्यांच्यासाठी एक मित्र हळू आवाजात सांगत राहील. संपल्यावर कोणी लगेच टीका करायची नाही. आधी प्रत्येकाने कागदावर एकच वाक्य लिहायचे: "या संदेशात मला काय दिले गेले?" लक्ष द्या, "काय करायला सांगितले" असे नाही. वीसपैकी पंधरा कागद कोरे आले तर वक्त्याला कोणी काही सांगण्याची गरज उरत नाही. माझ्या वर्गात एका हुशार विद्यार्थ्याचे सगळे कागद कोरे आले होते. तो रात्री खोलीवर आला, बसला, बराच वेळ बोललाच नाही. मग त्याने तोच उतारा पुन्हा उघडला. पुढच्या महिन्यातला त्याचा संदेश मी अजून विसरलेलो नाही.

मातृभाषेचा आग्रह तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीपासून आहे. ९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लूट्शाउ हे दोन जर्मन तरुण तिथल्या डॅनिश वसाहतीत उतरले. भारतातले ते पहिले प्रोटेस्टंट मिशनरी. झीगेनबाल्गने लहान मुलांच्या शाळेत, त्यांच्याबरोबर वाळूत अक्षरे गिरवत तमिळ शिकली आणि १७१५ पर्यंत तमिळ नवा करार छापून झाला. १७१६ मध्ये स्थानिक शिक्षक आणि उपदेशक तयार करण्यासाठी तिथे सेमिनरीही सुरू झाली. आपल्या मराठीत पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ भाषांतून बायबल आणण्यासाठी आयुष्याची अखेरची बरीच वर्षे वेचली, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात गायले. ते लूथरन नव्हते, पण मराठी विद्यार्थ्याला संदेशाची भाषा शिकवताना मी त्यांच्याकडेच पाठवीन.

तरंगंबाडीच्या भोवती तेव्हा तंजावरच्या भोसल्यांचे राज्य होते, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावे. पुढे याच लूथरन परंपरेतला ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ तरुण सरफोजीराजांचा पालक आणि शिक्षक झाला. सरफोजी हिंदूच राहिले. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारल्यावर त्यांनी शिल्पकार फ्लॅक्समनकडून संगमरवरी स्मारक करून घेतले, ते आजही तंजावरच्या चर्चमध्ये आहे. मृत्युशय्येवरच्या पाळकाचा हात राजाने धरलेला आहे. इतर धर्मांच्या अभ्यासाचा तास मी या शिल्पाच्या चित्राने सुरू करत असे. शेजाऱ्याच्या विश्वासाबद्दल आदराने आणि अचूक बोलता येणे, हे आपल्या देशात पाळकाचे रोजचे कौशल्य आहे.

आणि जात. तिच्याबद्दल बोलण्याचे टाळणारी सेमिनरी अर्धेच शिकवते. १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये अरविंद निर्मळ यांनी जे व्याख्यान दिले, त्यातून दलित ईश्वरविज्ञानाची, म्हणजे दलितांच्या अनुभवातून ख्रिस्ती विश्वासाचा विचार करण्याची, वाट उघडली. पुढे चेन्नईच्या गुरुकुलात त्यांनी या विषयाच्या विभागाचे काम केले. हा विषय वैकल्पिक ठेवू नका. जेवणाच्या टेबलावर कोण कोणाशेजारी बसते हेही पाहत राहा, वर्गात जे शिकवले ते तिथे तपासले जाते.

कॅम्पसच्या बाहेर

शनिवार-रविवारचे क्षेत्रकार्य बहुतेक ठिकाणी असते, पण ते गाणी म्हणण्यापुरते उरते. प्रत्येक विद्यार्थ्याला दोन वर्षे एकच मंडळी द्या. शिवाय एक सलग वर्ष किंवा निदान सहा महिने अनुभवी पाळकाच्या हाताखाली. पाळक निवडताना मोठे नाव पाहू नका. जो विद्यार्थ्याला आपली पिशवी धरायला लावील त्याच्याकडे नको, जो त्याला आपल्याबरोबर दवाखान्यात नेईल त्याच्याकडे पाठवा.

या काळात पुढील कामे हाताखालून जायलाच हवीत: आजाऱ्याला घरी प्रभुभोजन नेताना पाळकासोबत जाणे, अंत्यविधी, दृढीकरणाचा वर्ग, पंचांच्या बैठकीचे इतिवृत्त आणि नोंदवह्या. नोंदवह्यांना कमी लेखू नका. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे आणि त्यातल्या नोटिशी, नोंदी आणि प्रमाणपत्रे यांत चूक झाली तर एखाद्या विधवेला पेन्शनसाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात. त्या कायद्याच्या दहाव्या कलमात लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेत लावावे असे आहे, काही अपवाद सोडून. मुहूर्तासाठी हटून बसलेल्या वरपित्यासमोर हे सांगायला जमले पाहिजे, आवाज न चढवता.

दीक्षा आणि त्यानंतरचे वर्ष

पदवी सेमिनरीच्या मार्गाने मिळते, दीक्षा, म्हणजे पाळक म्हणून विधिवत नेमणूक, चर्च देते. ही सीमा जपा. पदवी मिळाली म्हणून दीक्षा झालीच पाहिजे असा दबाव विद्यार्थी आणतात, कधी त्यांचे नातेवाईक आणतात. तुमचे मत चर्चने विचारले तर लेखी आणि खरे द्या. आरोन हा भारतातला पहिला देशी प्रोटेस्टंट पाळक. झीगेनबाल्गच्या काळात त्याने बाप्तिस्मा घेतला, बरीच वर्षे उपदेशक म्हणून गावोगाव फिरला आणि २८ डिसेंबर १७३३ ला तरंगंबाडीत त्याची दीक्षा झाली. घाई कोणालाच नव्हती, पण त्याला तोवर कामाविना बसवलेही नव्हते.

मुलींच्या बाबतीत मात्र उशीर होतो तो वेगळ्या कारणाने. भारतातल्या अनेक लूथरन चर्चमध्ये स्त्रियांना दीक्षा मिळते, तरी पदवीधर मुलीला मंडळी देताना समिती पुढच्या बैठकीवर ढकलते. प्रवेशाच्या दिवशीच त्यांच्या चर्चकडून त्यांना नेमणूक कुठे आणि कशी मिळणार हे लेखी मागा. चार वर्षांनी रिकाम्या हाताने घरी जाणाऱ्या मुलीला तुम्ही काय सांगणार?

दीक्षेनंतरचे पहिले वर्ष सगळ्यांत एकाकी असते. नवा पाळक, जुने गाव, पगार उशिरा, बायको नव्या जागी, आणि पहिल्याच पावसाळ्यात एखादे तरुण मरण. त्या वर्षात प्रत्येक माजी विद्यार्थ्याकडे एकदा तरी जा. दिवाळीच्या सुट्टीत तीन, नाताळाच्या आधी दोन, उन्हाळ्यात उरलेले, अशी वाटणी केली तर जमते. जाताना ग्रंथालयातून दोन पुस्तके न्या. त्याच्या घरी जेवा, नोंदवही चाळा, आणि रात्री दिवा घालवण्याआधी त्याला विचारा की इथे आल्यावर कोणती गोष्ट आपण शिकवली नव्हती असे तुला वाटले. उत्तर त्याच वहीत लिहा, जी तुम्ही पहिल्या तीन महिन्यांत सुरू केली होती.